कंच्या भाषेत ढ?

बाईंनी फळ्यावर गाय काढली तेव्हा आम्ही तीसेक शिक्षिका तोंडाला पदर आणि ओढण्या लावून हसलो होतो. गाईला पाय चार होते की पाच ते ठरत नव्हतं आणि शेपटी मानेजवळून निघाली होती. "बाई, ही गाय नाही, टेबल आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"आस्सं? मग काय काय चुकलंय सांगा. इंग्रजीत."

पुढची वीस मिनिटं हॉलमध्ये नुसता गोंधळ. बाई खडू फळ्याला लावून विचारायच्या, "व्हेअर? हिअर? नो? देन व्हेअर?" आणि शिंग नेमकं पाठीवर काढायच्या. सकाळपासून तोंडातून शब्द न काढलेल्या एक शिक्षिका उठून उभ्या राहिल्या आणि "नॉट देअर मॅडम, अप, अप, ऑन हेड!" असं ओरडायला लागल्या. गाय शेवटपर्यंत गाय झाली नाही. बाईंनी हात झटकले आणि म्हणाल्या, "चांगलं चित्र काढलं की पोरं वा म्हणून गप बसत्यात. वाईट काढलं की बोलत्यात. तवा चित्रकला शिकाय जाऊ नका."

बरेच दिवस मला वाटायचं, बाई मुद्दाम वाईट काढतात. पुढे त्यांच्या घरी गेले, दारातली रांगोळी पाहिली आणि कळलं की मुद्दाम काही नव्हतं.

चाकणच्या कंपन्यांच्या आजूबाजूला ज्या लहान लहान इंग्रजी शाळा निघाल्या आहेत, त्यांतल्या एकीत मी तिसरीला शिकवत होते. मी मूळची उदगीरकडची. मराठी शाळेत शिकलेली, डी.एड. मराठीतून केलेलं, लग्न होऊन इकडं आले कारण नवऱ्याला गाड्यांची सीटं बनवणाऱ्या कंपनीत काम लागलं. शाळेला इंग्रजीतून शिकवणारी बाई हवी होती आणि मला नोकरी हवी होती. मुलाखतीत मी पाठ केलेली सात-आठ वाक्यं म्हटली आणि लागले. त्यानंतर रोज सकाळी वर्गात शिरताना वाटायचं की आज माझं इंग्रजी उघडं पडणार.

एक संस्था राजगुरुनगरला अशा शाळांतल्या शिक्षकांसाठी शनिवारी प्रशिक्षण घ्यायची. ज्यांच्या घरात इंग्रजीचा शब्द नाही अशा मुलांना इंग्रजी वर्गात आधार कसा द्यायचा, हा विषय. शनिवारची सुट्टी घालवायला कुणी तयार नव्हतं, म्हणून शाळेनं मला पाठवलं. मला वाटलं होतं, कुणीतरी पुण्याची कडक इस्त्रीची मॅडम येईल. आल्या त्या बाई. बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडी, पायात पुरुषी सँडल, खांद्याला कापडी पिशवी. आणि बोलायला लागल्या तर "व्हय", "न्हाई", "आमी". आमच्यातल्या दोघीतिघींनी एकमेकींकडे बघितलं. ही बाई आम्हाला इंग्रजीचं शिकवणार?

इंग्रजीही त्या त्याच चालीवर बोलायच्या. सावकाश, ठसक्यात, मधेच थांबून, "न्हाई, ते चुकलं, परत म्हणते," असं सगळ्यांदेखत सांगून. पिशवीत फुटाण्यांचा डबा असायचा. जी मोठ्यानं चुकेल तिला मूठभर फुटाणे. बरोबर उत्तराला काही नाही. एका शिक्षिकेनं तक्रार केली तर म्हणाल्या, "तुला आलंच की. आता फुटाणे बी तुलाच देऊ व्हय?"

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. त्या सगळ्यांना गावावरून हाक मारायच्या. "ए जळगाव, खिडकी उघड." "ए कणकवली, तू किती हळू बोलतीस गं." मी "लातूर" होते. उदगीर म्हणा असं मी दोनदा सांगून पाहिलं. "त्ये लातुरातच येतं," म्हणाल्या आणि विषय मिटला. स्वतः त्या इथल्याच, जुन्या गावकीतल्या. त्यांच्या वडलांच्या रानावर आता कंपनीचा शेड आहे. बसनं तिथून जाताना खिडकीबाहेर बोट दाखवून मला म्हणाल्या होत्या, "हितं आमचा हरभरा असायचा. आता मोटारी उगवत्यात." सांगताना ना दुःख, ना राग. भावांनी मोठाले बंगले बांधले. बाईंनी आपल्या वाटणीच्या तुकड्यावर आठ खोल्यांची चाळ काढली आणि त्यातल्याच एका खोलीत राहिल्या. लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं तर म्हणायच्या, "राहून गेलं बघ."

त्यांचं इंग्रजी कुठून आलं हे त्यांनीच एकदा जेवताना सांगितलं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. सरकारनं पहिलीपासून इंग्रजी आणलं तेव्हा त्या चाळिशीला टेकल्या होत्या आणि त्यांना एबीसीडीच्या पलीकडे फारसं येत नव्हतं. बाकीच्या शिक्षकांनी गाइडं आणली. बाईंनी वर्गाला सांगून टाकलं, "मला बी येत न्हाई. मिळून शिकू." त्या वर्षी त्या मुलांबरोबर पहिलीचं पुस्तक शिकल्या. पुढच्या वर्षी त्याच मुलांबरोबर दुसरीत गेल्या. "पहिली पास झाले तवा माझे केस पिकाय लागले व्हते," हे त्या अशा अभिमानानं सांगायच्या, जशी दुसऱ्या कुणी पीएच.डी. सांगावी. "म्हून मला ठाऊक हाय ना, पोरगं कुठं अडतं. मी बी तिथंच अडले व्हते."

बाई कधी चिडत नसत. चिडायच्या ते एकाच शब्दावर. एका शनिवारी जळगावची शिक्षिका सहज म्हणून गेली, "बाई, हे सगळं ठीक आहे, पण माझ्या वर्गात दोघंजण अगदीच ढ आहेत."

बाई फळा पुसत होत्या. थांबल्या. "कंच्या भाषेत?"

"म्हणजे?"

"कंच्या भाषेत ढ हायत?"

"इंग्रजीत... म्हणजे काहीच बोलत नाहीत."

"हिंदीत इचारलंस? भोजपुरीत? त्यांच्या आईला इचारलंस, घरी काय बोलत्यात? मला ओडियात परीक्षेला बसवलंस तर मी ढ. तू बी ढ. मग आपल्या दोघींना बी मागच्या बाकावर बसवायचं का?"

बाईंनी मग आवाज खाली आणला. "इंग्रजी पाव्हणी हाय गं. पाव्हणीला बसाय जागा द्यायची म्हून घरच्या माणसाला कुणी बाहेर काढत न्हाई."

ते सगळं मी वहीत लिहून घेत होते, छान अक्षरात. माझ्या वर्गातल्या रश्मिताची आठवण मला त्या दिवशी झाली नाही, हे आता सांगताना लाज वाटते.

रश्मिता माझ्या वर्गात जूनपासून होती. तिचे वडील ओडिशातून कंपनीत कामाला आले होते. भिंतीकडच्या बाकावर बसायची. फळ्यावरचं सगळं सुबक उतरवून घ्यायची, पण विचारलं की गप्प. इंग्रजीत गप्प, हिंदीत गप्प, नाव विचारलं तरी खाली बघायची. वर्गात बावन्न लेकरं. मी आधी तिला विचारायचं कमी केलं, मग सोडून दिलं. पहिल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात तिच्या पानावर मी लिहिलं, 'स्लो लर्नर. नो रिस्पॉन्स.' दुसऱ्या एका शिक्षिकेच्या प्रगतिपुस्तकातून हे शब्द उचलले होते. न अडखळता मला इंग्रजीत जे थोडंफार लिहिता यायचं, त्यातलेच ते शब्द. त्यावरून प्रिन्सिपल मॅडमनी तिच्या वडलांना बोलावून सांगितलं की वर्ष संपलं की मुलीला दुसरीकडे घाला, हिला इथलं झेपणार नाही. वडलांनी मान डोलावली आणि गेले. मी तिथेच उभी होते.

दिवाळीनंतरच्या शनिवारी आम्ही हॉलवर गेलो तर बाई मागच्या सतरंजीवर बसलेल्या आणि फळ्यापाशी दुसरीच एक बाई. तिशीची असेल. कंपनीत पॅकिंगला जाणाऱ्या बायकांच्या अंगावर असतो तसा निळा कोट, त्याच्याखाली साडी. पाटावर पातेलं, तांब्या, मिठाची वाटी, कांदा.

"आज ह्या तुमच्या टीचर," बाई म्हणाल्या. "तास त्यांच्या भाषेत हुईल. शेवटी प्रश्न इचारतील."

ती बाई आधी लाजली, मग बोलायला लागली. ओडियात. भात, पाणी असे एखाददोन शब्द ओळखीचे वाटले. बाकी सगळं कानावरून वाहून गेलं. ती भराभर सांगत होती, पातेल्यात काहीतरी करत होती, आणि मधेच एकीकडे बोट करून प्रश्न विचारत होती. कणकवली उभी राहिली आणि तशीच उभी राहिली. मग माझ्याकडे बोट आलं. तिनं काहीतरी विचारलं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिनं तेच पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. मी बहिरी नव्हते. मला नुसतं कळत नव्हतं. मी खाली बघितलं.

अर्धा तास असा गेला. भात रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी कांद्या-मिठाबरोबर खातात, आंबूस लागतो, उन्हाळ्यात पोटाला थंड, एवढंच ती सांगत होती, हे नंतर कळलं. शेवटी ती हसली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "आप लोग तो टीचर हो. फिर भी नहीं समझा. कोई आपको पागल नहीं बोलेगा." मग हसू गेलं. "मेरी बेटी को स्कूल में लिख के दिया, दिमाग धीरे चलता है. घर में वो इतना बोलती है कि मैं चुप कराती हूँ."

"कौनसा स्कूल?" जळगावनं विचारलं.

तिनं माझ्या शाळेचं नाव सांगितलं. तिसरी, ब.

त्या वर्गाची शिक्षिका तिच्यासमोर चार हातांवर बसली होती आणि ती मला ओळखत नव्हती. मी तिला कधी भेटलेच नव्हते. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी पातेलं उचललं आणि सगळ्यांना भात वाढायला सुरुवात केली.

डबा खायला बाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकली. शेवटी मीच म्हटलं, "बाई, ते मी लिहिलंय."

"ठाऊक हाय. माझ्याच चाळीत राहत्यात ती. पुस्तक दाखवाय आणलं व्हतं तिनं." घास चावत म्हणाल्या, "अक्षर चांगलं हाय तुझं."

मला रडू आवरेना. म्हटलं, "तुम्ही आमच्या मॅडमशी बोला ना. तुमचं ऐकतील."

"न्हाई. लिवलं तू. खोडायचं बी तूच."

"माझी नोकरी अजून पक्की नाही, बाई."

"व्हय. ते बी ठाऊक हाय."

मग डबा बंद करता करता एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला, मोशीच्या बाजूला खाणी होत्या तेव्हाची. दगड फोडायला आलेल्या एका घरातली मुलगी त्यांच्या पहिलीत होती. घरात तेलुगूसारखं काहीतरी बोलायचे. मुलगी वर्गात दगडासारखी बसायची. "मी तिच्या नावापुढं 'मंद' लिवलं. तू इंग्रजीत लिवलंस, मी मराठीत, येवढाच फरक. बापानं दुसऱ्या दिवसापास्नं तिच्या डोक्यावर खडीची पाटी दिली. पुढं एका पोरीकडनं कळलं, घरच्या सगळ्यांच्या पाट्या तीच मोजायची. शेकड्यानं. कंदी चुकायची न्हाई. मी खाणीवर गेले तर पालं उठली व्हती." चष्मा पुसून परत लावला. "किती ठिकाणी इचारलं. न्हाई घावली. आता तिला नातवंडं असतील."

एवढं सांगून त्या उठल्या आणि फळ्याकडे गेल्या. दुपारच्या तासाला पुन्हा कुठलंसं चित्र काढून सगळ्यांना हसवलं. मी मात्र त्या दिवसापासून त्यांच्या हसण्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी रविवारी मी रश्मिताच्या घरी गेले. बाईंच्या चाळीतली कोपऱ्यातली खोली. दार लोटलेलं होतं आणि आतून एका मुलीचा आवाज येत होता. खणखणीत, एका दमात, मधे मधे दरडावणारा. आपल्या धाकट्या बहिणीला आणि शेजारच्या दोन मुलींना ती ओळीत बसवून काहीतरी शिकवत होती. मी दाराबाहेर उभी राहिले. जूनपासून पाच महिने ती मुलगी रोज माझ्यासमोर बसत होती आणि तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तिची आई बाहेर आली. मी म्हटलं, मीच तिची टीचर. तिला समजायला क्षणभर लागला. मग तिनं आत जाऊन चहा टाकला. मी माफी मागितली तेव्हा म्हणाली, "आप घर तक आए ना, टीचर." मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर मी बाईंनी सांगितलेलं एकेक करून पाहायला लागले. चमत्कार झाला नाही. रश्मिताला परभणीच्या एका बडबड्या मुलीशेजारी बसवलं. प्रश्न विचारला की आधी दोघींनी आपसांत बोलायचं, कुठल्याही भाषेत. मग चित्र. मग मी अर्धं वाक्य फळ्यावर लिहून द्यायची, उरलेलं त्यांनी भरायचं. प्रश्न विचारून लगेच दुसऱ्याकडे वळायचं नाही, थांबायचं, हे मला सगळ्यांत अवघड गेलं. वर्गातली शांतता मला माझंच नापास होणं वाटायची. पहिले तीन आठवडे रश्मिता नुसती चित्रं काढायची. मी बाईंना फोन करून रडगाणं गायचे. "वाईच दम धर," त्या म्हणायच्या आणि फोन ठेवायच्या.

जानेवारीत एकदा पाणी कुठे जातं हा धडा होता. ओला रुमाल खिडकीत वाळत घातला होता. तासाच्या शेवटी तो वाळला, आणि मी विचारलं, पाणी कुठे गेलं? परभणीची आणि ती आपसांत कुजबुजल्या. मी थांबले. पुष्कळ थांबले. आणि रश्मिता उभी राहिली.

"वॉटर गो," ती म्हणाली. मग खिडकीकडे बोट करून, "सन टेक."

दारातून आवाज आला, "टीचर, करेक्ट हर सेंटेन्स." प्रिन्सिपल मॅडम राउंडला आल्या होत्या.

मी काय बोलणार होते ते मलाही माहीत नव्हतं. म्हटलं, "मॅडम, वाक्य चुकलंय. विज्ञान बरोबर आहे."

त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. तिथं उभ्या उभ्या मी सांगून टाकलं की प्रगतिपुस्तकातला शेरा चुकीचा आहे, मुलगी मंद नाही, मी तिला न ओळखता लिहिलं. "हे लेखी द्याल?" त्यांनी विचारलं. मी तिथेच बसून लिहून दिलं, मराठीत. मॅडम काही वाईट नव्हत्या. त्यांच्याही डोक्यावर संस्थाचालक होते, आणि पालकांना फडाफडा इंग्रजी बोलणारी मुलं दाखवायची होती. कागद दोनदा वाचून त्यांनी फाइलला लावला आणि म्हणाल्या, "राहू दे मग तिला." रश्मिता राहिली. कायम केल्याचं पत्र त्या वर्षी बाकीच्यांना मिळालं, मला मिळालं नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्या आठवड्यातल्या शनिवारी बाईंना हे सांगितलं तर त्यांनी लेखी दिल्याचं ऐकूनच घेतलं नाही. "काय म्हणली? परत सांग. सन टेक?" आणि हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "सन टेक! आगं, बरोबरच हाय की! दुसरं कोन नेणार?" त्या दिवशी हॉलमध्ये येणाऱ्या प्रत्येकीला त्यांनी ते ऐकवलं. मला वाटतं त्यांना त्या दोन शब्दांत कुठलं तरी जुनं देणं थोडंसं फिटल्यासारखं वाटलं असावं. पण असं काही त्या बोलणाऱ्यातल्या नव्हत्या.

पुढच्या वर्षी मला त्याच मुलांची चौथी मिळाली. वर्षाच्या मध्यावर रश्मिताच्या वडलांचं काम तमिळनाडूत होसूरला हललं. आठ दिवसांत निघायचं होतं. दाखला घ्यायला तिची आई आली तेव्हा मला पुढचं दिसायला लागलं. तिथं पुन्हा नवीन शाळा, नवीन भाषा, पुन्हा भिंतीकडचा बाक. पुन्हा कुणीतरी छान अक्षरात काहीतरी लिहिणार. मी बाईंकडे गेले.

"मग तिथल्या बाईला पत्र लिव," त्या म्हणाल्या.

"कुठल्या बाईला? नावसुद्धा माहीत नाही."

"नाव कशाला पायजे? बाई असंलच की कोनतरी."

पत्र इंग्रजीतच लिहावं लागणार होतं. तिथल्या शिक्षिकेला मराठी येणार नव्हतं आणि आम्हाला तमिळ. बाई खूश झाल्या. "आता बघ, इंग्रजी कशाला लागतं ते." आम्ही दोघी त्यांच्या खोलीत जमिनीवर बसलो. मधे डिक्शनरी, चहाचे कप, फाडलेले कागद. दोन मराठी शाळेतल्या बाया. 'शी नीड टाइम' की 'नीड्स' यावर अर्धा तास गेला. बाई म्हणाल्या, एस लाव. मी लावला. मग तो नको तिथेही लागत गेला आणि पुन्हा खोडाखोड. पूर्ण दुपार गेली तेव्हा एक पान झालं. त्यात लिहिलं होतं की ही मुलगी ओडिया बोलते, हिंदी आणि मराठी बोलते, इंग्रजी शिकते आहे. सुरुवातीला गप्प राहील, पण ती गप्प असते तेव्हा ऐकत असते. प्रश्न विचारल्यावर कृपा करून थांबा. तिला शेजारी बोलकी मैत्रीण द्या. घरी ती लहान मुलांना शिकवते, जाऊन बघा.

मी म्हटलं, बाई, तुम्हीपण सही करा. त्यांनी पेन परत माझ्या हातात दिलं. "वर्गशिक्षिका तू हायस."

पत्र दाखल्याला जोडून तिच्या आईच्या हाती दिलं. उत्तर आलं नाही. तिथल्या कुणी ते वाचलं की नाही, मला अजून माहीत नाही.

त्याच सुमारास संस्थेनं प्रशिक्षणाचे व्हिडिओ करायचं ठरवलं. शिक्षकांनी घरी बसून मोबाइलवर पाहायचे. बाईंनाही एक दिवस कॅमेऱ्यासमोर उभं केलं, पण उच्चार जरा ग्रामीण आहेत म्हणून ते वापरलं नाही. पुण्याहून दुसऱ्या कुणी मॅडम आल्या. मला संताप आला. बाई म्हणाल्या, "त्यांचं इंग्रजी गुळगुळीत हाय गं. मोबाइलमधनं बरं ऐकू येतं." शनिवारी त्यांना सुनं सुनं वाटत असणार. पण चाळीतल्या बायका संध्याकाळी त्यांच्या दारात बसायला लागल्या, कुणी कंपनीची नोटीस घेऊन, कुणी मुलांची वही घेऊन, आणि बाई पुन्हा कामाला लागल्या.

त्या गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. आधी न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडलं, पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला. भाऊ-भावजया चांगलं बघत होते. मी दर दोन दिवसांनी भेटीच्या वेळेला जायची. एवढ्याशा झाल्या होत्या. बोलायला धाप लागायची, म्हणून बहुतेक मीच बोलायचे, वर्गातलं काहीबाही सांगायचे.

अशीच एकदा बसले असताना मोबाइल वाजला. होसूरहून रश्मिताच्या आईचा आवाजी निरोप होता. मी तो बाईंच्या कानाशी धरला. आधी आईचं हिंदी, टीचर कशा आहात, हिचं ऐका, दिवसभर असंच चालू असतं. आणि मग रश्मिता. आईनं तिला न सांगता मोबाइल धरला असावा. ती कुणाशी तरी बोलत होती, तमिळमध्ये, भरधाव, एकदाही न अडखळता. मधे दुसऱ्या मुलीचा आवाज आला, त्याला हिनं तिथल्या तिथे काहीतरी उत्तर दिलं आणि तीनचारजणी खळखळून हसल्या. तेवढ्यात संपलं.

बाईंचे डोळे मोठे झाले होते. "काय म्हणती?"

"काय माहीत बाई. भांडतेय बहुतेक."

"मग चांगलं बोलती म्हणायची. भांडाय भाषा यावी लागती."

शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या सुनेला आमचं बोलणं ऐकू आलं. ती म्हणाली, "इथल्या सिस्टर केरळच्या आहेत, त्यांना तमिळही कळतं. बोलावू का? सांगतील काय म्हणतेय ते."

बाईंनी हात हलवला. "नगं. तिचं ती बोलतीया, बोलू द्या." धाप कमी होईपर्यंत त्या थांबल्या, मग माझ्याकडे मान वळवली. "परत लाव."

भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत मी तो निरोप चार वेळा लावला. आम्हा दोघींना एक शब्द कळला नाही.